मकळ् शोधताना

अकोल्यातल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात ती अकोटच्या एसटीनं आली, पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळून. जन्म केरळातला, नोकरी नर्सची, सासर अकोटचं, फुलं पिकवणारं. वऱ्हाडीत इतकी मुरली होती की तिच्या बोलण्यापुढं मीच पुणेरी वाटलो.

"भाऊ, एक शब्द शोधून द्या. मकळ्. आमच्या मल्याळममंदी मकळ् म्हंजे पोरगी."

या लग्नामुळं आईनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. धाकटा भाऊ घरची खबर मेलनं कळवायचा. ही रागानं मेल उघडायचीच नाही, नुसत्या साठवायची. एकदाच एक वाचली, तर त्यात आईनं सांगून लिहवलेलं होतं, अन् आई तिला 'माझी मकळ्' म्हणाली होती. आई आता नाही. भावाला काही आठवत नाही. हिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, सगळ्या मेलची मिळून फाइल दोनशे पानांची, आणि कॉम्प्युटर म्हणत होता, असा शब्द एकही नाही.

"मले आता वाटून राह्यलं, मीच मनानं रचलं का काय," ती म्हणाली.

यंत्रानं असं तोंडावर नाही म्हटलेलं मला खपत नाही. मी तिला म्हटलं, फायलीत याच अक्षरानं संपणारा कुठलाही शब्द दाखवा. तिनं डोळे बारीक करून 'अवळ्' दाखवला; अवळ् म्हणजे ती. तिनं शोधायला टाइप केलेल्या मकळ् मधलं आणि फायलीतल्या अवळ् मधलं, दोन्ही शेवटची मल्याळम अक्षरं हुबेहूब. आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला.

वऱ्हाड! मागं एका स्मरणिकेत मी 'वऱ्हाड' शोधलं, तर निम्म्या पानांवरचं सापडेचना. त्यातला ऱ्ह दोन टायपिस्टांनी दोन तऱ्हांनी भरला होता. दिसायला एक, आतून वेगळा. आठवडाभर डोकं धरून बसलो होतो.

"सिस्टर, थांबा!" मी ओरडलोच. तिच्या शब्दाशेवटी बॅकस्पेस मारला, अख्खं अक्षर गेलं. फायलीतल्या शब्दावर मारला, तर अक्षर उकललं! आतून, ती म्हणाली, मल्याळमचा साधा ळ निघाला, शेजारी पाय मोडल्याची छोटी खूण.

मल्याळममध्ये पाय मोडलेल्या ळला वेगळंच अक्षर आहे, आणि पूर्वी कॉम्प्युटरात ते तीन तुकड्यांनी बनायचं: ळ, पाय मोडायची खूण आणि एक न दिसणारा सांधा. माझ्या बॅकस्पेसनं तो सांधाच उडवला होता. पुढं या अक्षराला स्वतःचा एकच क्रमांक मिळाला. भावानं जुन्या तऱ्हेनं लिहिलं होतं, आम्ही नव्या तऱ्हेनं शोधत होतो, आणि शोधणारं यंत्र फक्त क्रमांक जुळवतं.

"म्हंजे हाय तो शब्द?" तिनं खुर्ची पुढं ओढली.

मी उडवलेला सांधा परत आणला, फायलीतलं जुनं अक्षर उचललं आणि शोधाच्या चौकटीत चिकटवलं. एंटर मारताना देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला बोलू.

अकरा ठिकाणी! मी खुर्चीतून उठलोच. एक शेजारणीच्या मुलीबद्दल निघालं. उरलेली दहा मी अक्षरं मोठी करून दाखवली. ती वाचत गेली, मला मराठीत सांगत गेली. माझ्या मकळ्‌ला तिथं नारळ मिळतो का, विचार. माझ्या मकळ्‌ला तिथली थंडी झेपते का, विचार. दहा मेल, आणि प्रत्येकीच्या शेवटी आईचा एक प्रश्न.

मी टाळ्या पिटायच्या बेतात होतो. स्क्रीनवरची नजर न काढता ती म्हणाली, "दहा डाव इचारलं तिनं, भाऊ. अन् मी एकाचंबी उत्तर नाई देल्लं."