दादाची दुहिता

आमच्या दादाला संस्कृतचा एकच शब्द येतो, आणि त्या एका शब्दाने त्याने आम्हा सगळ्यांचं डोकं खाल्लं.

मी त्याची धाकटी बहीण. वहिनी गेल्यावर पोरीला सांभाळायला आले, ती इथलीच झाले. पुढे घर, मागे गोठा, मधे एक दार, त्यामुळे स्वयंपाकघरातही शेणाचा वास. तो एक शब्द त्याला मिळाला शाळेतल्या संस्कृतच्या मास्तरांकडून. ते रोज दूध न्यायला यायचे. एकदा पोरगी धार काढत होती, तेव्हा ते म्हणाले, मुलीला संस्कृतात दुहिता म्हणतात, म्हणजे धार काढणारी. आणखी काही सांगणार होते, पण तेवढ्यात गाईने बादलीला लाथ मारली आणि सगळी धावपळ झाली. अर्धा अर्थ घेऊनच दादाची स्वारी खूश.

त्या दिवसापासून दिसेल त्याला तेच. गुरांच्या डॉक्टरला, पेंडवाल्याला, पत्ता विचारायला थांबलेल्या माणसालासुद्धा. मी वैतागून म्हणायचे, अरे, मीही कुणाची तरी दुहिताच की, मग गाय मला जवळ का फिरकू देत नाही? तो नुसता हसायचा. पण पोरीच्या हाताला गुण होता हे खरं. लाल गाय तर तिच्याशिवाय कुणालाच पान्हा सोडायची नाही. त्यात दादाची बोटं आखडलेली, सकाळी मूठ वळत नाही. सगळा गोठा पोरीवरच आला होता.

आणि तिला नोकरी लागली. दूध तपासायच्या प्रयोगशाळेत, पण रात्रभर आगगाडीत बसावं लागेल इतकी लांब. भांडी घासता घासता तिने मला सांगितलं, आणि बाबांना कसं सांगू म्हणून रडायला लागली. शेवटी मीच सांगितलं. दादा उठला. गोठ्यात जाऊन झाडलेलंच पुन्हा झाडत राहिला. संध्याकाळी शर्ट बदलून मास्तरांकडे निघाला. म्हणे, त्यांना सांगतो, तुम्हीच तिला समजवा, घर सोडून गेली तर ती दुहिता कसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न, आणि हा शब्द काखोटीला मारून निघालाय.

परत आला तो चेहरा पाडून. जेवलाही नाही.

सकाळी पोरगी बादली घेऊन लाल गाईकडे गेली, तर हा आधीच तिथे बसलेला. आखडलेल्या बोटांनी झटत होता, गाय दूध चोरत होती, बादलीचा जेमतेम तळ भिजला होता.

"बाबा, उठा. मी काढते."

"नको. मला सवय होऊ दे." त्याने मान वर केली नाही. "मास्तरांनी तेव्हा अर्धंच सांगितलं होतं गं. जुन्या पंडितांनी दुहितेचा आणखी एक अर्थ लावलाय. दूर असली की जिचं भलं होतं, ती."

पोरगी रिकामी बादली पोटाशी धरून उभी राहिली. दारात माझेही डोळे भरून आले. आदल्या दिवशी याला काय काय बोलले होते मी मनात.

"म्हणून तू जा," दादा म्हणाला. "या बयेचा रुसवा मी काढतो."

गाईने शेपटी त्याच्या तोंडावर फटकारली. त्याने ती बाजूला केली आणि पुन्हा सडांना हात घातला.

"दूर म्हणजे किती, ते काही पंडितांनी लिहिलेलं नाही," थोड्या वेळाने तो म्हणाला. "फार लांब नसावं, असं आपण धरून चालू."