ऑपरेशनआधीचा बार्बेक्यू

शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून आम्ही निघालो तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता. मेपलची पानं ओली होऊन फुटपाथला चिकटली होती आणि शेजाऱ्यांच्या अंगणात हॅलोविनचे प्लास्टिकचे सांगाडे उभे होते. अविनाशने गाडीत औषधांची पिशवी, बर्फाचा डबा आणि टिश्यूंचे खोके ठेवले. एरवी लांबच्या प्रवासाला मी चिवडा करते. या वेळी केला नव्हता. त्याला तो चावता आला नसता.

अविनाश माझा नवरा. मूळचा नागपूरचा, सावजी रश्श्यावर वाढलेला. अमेरिकेत आल्यावर कोणी गोल्फच्या नादाला लागतं, कोणी शेअर बाजाराच्या. हा बार्बेक्यूच्या नादाला लागला. मागच्या अंगणात त्याने स्मोकर (मांस धुरावर शिजवायची बंद भट्टी) बसवला आणि बर्फ पडत असला तरी शनिवारी सकाळी कानटोपी घालून तो तिथे उभा असायचा. उन्हाळ्यात त्याच्या जिभेच्या डाव्या कडेला एक जखम झाली, ती भरेना. तंबाखू सोडाच, आयुष्यात सुपारीही न खाल्लेल्या माणसाला डॉक्टरीणबाईंनी कॅन्सर असल्याचं सांगितलं. अर्ध्याहून जास्त जीभ काढावी लागणार होती. मग हाताची कातडी घेऊन तिथे नवी जीभ तयार करायची.

"नव्या जिभेला चव नसेल," त्या म्हणाल्या. "बोलणंही पूर्वीसारखं राहणार नाही. किती राहील, ते आत्ता सांगता येत नाही."

ऑपरेशनची तारीख दोन आठवड्यांनंतरची मिळाली. घरी येताना गाडीत अविनाश एवढंच म्हणाला, "मेधा, कॅन्सस सिटी, टेक्सस आणि मेम्फिस. एकदा जाऊन येऊ. कॅरोलिनापर्यंत वेळ पुरणार नाही." अमेरिकेतल्या बार्बेक्यूची ही चार माहेरघरं, हे त्याच्याकडून ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं.

आमची मुलगी सई ॲन आर्बरला विद्यापीठात संशोधन करते. तिला फोन केला तर ती चिडलीच. "बाबा, धिस इज क्रेझी. यू शुड बी रेस्टिंग."

"रेस्ट तर नंतर आहेच बेटा. भरपूर आहे."

मग ती रडक्या आवाजात म्हणाली, "आईला ड्राइव्ह करू दे. ओके?"

गाडी मीच चालवली. इलिनॉयमधले कापणी झालेले मक्याचे सड, मग मिसिसिपी नदी, मग मिसूरीतल्या पिवळ्या पडलेल्या टेकड्या. अविनाश जखमेची बाजू हाताने धरून सगळा रस्ता बोलत होता. ग्रिल करणं आणि बार्बेक्यू करणं यात लोक गल्लत करतात, याचा त्याला जुना राग. ग्रिल म्हणजे आचेवर झटपट भाजणं. बार्बेक्यूत मांस आचेपासून लांब ठेवायचं आणि लाकडाच्या मंद धुरावर दहा-बारा तास सोडून द्यायचं. घाई केली की वातड होतं. हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं. मी घरात जेमतेम चिकन खाणारी. गाय आणि डुक्कर माझ्या घशाखाली कधी उतरलं नव्हतं, आणि त्यानेही कधी आग्रह केला नव्हता.

कॅन्सस सिटीतलं दुकान रेल्वेच्या रुळांजवळ होतं. आत विटांची जुनी भट्टी, तिच्या दाराभोवती काजळीचा जाड थर. पूर्वी या शहरात देशभरातून गुरं यायची, म्हणून इथे सगळ्या प्रकारचं मांस धुरावर चढतं, असं अविनाशने सांगितलं. इथली खासियत म्हणजे बर्न्ट एंड्स (गाईच्या छातीच्या मांसाचे कडेचे, काळपट, खरपूस तुकडे) आणि त्यावर टोमॅटो-काकवीचा दाट, गोड सॉस. काउंटरवरच्या बाईंनी तो सॉस विचारल्याशिवायच ओतला.

अविनाशने पहिला घास तोंडात घातला आणि टेबलाची कड धरली. त्या सॉसमध्ये व्हिनेगर होतं. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. बर्फाचा खडा तोंडात धरून तो थोडा वेळ बसला, मग पाण्याच्या ग्लासात एकेक तुकडा बुडवून त्याने त्यावरचा सॉस धुऊन काढायला सुरुवात केली.

बाई लांबून बघत होत्या. जवळ येऊन त्या म्हणाल्या, "साहेब, काही चुकलं का? दुसरं आणून देऊ?"

"नाही, चुकलं नाही," तो म्हणाला. "तोंड आलंय."

धुतलेले तुकडे त्याने उजव्या दाढेखाली हळूहळू चावले. चार खाल्ले असतील. बाहेर आल्यावर म्हणाला, "धूर हिकरीच्या लाकडाचा आहे. चांगला आहे. पण हे लोक सॉसखाली मांस लपवतात." हे सांगताना त्याला इतकं बरं वाटत होतं, की मी गाडी लगेच सुरू केली नाही.

ओक्लाहोमातल्या एका मोटेलमध्ये मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आम्ही टेक्ससमध्ये उतरलो. ऑस्टिनच्या बाहेरचं छोटं गाव. ऑक्टोबरातही उन्हाचा चटका होता. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानापाशी पोचलो तर दार उघडायला अजून तीन तास होते आणि रांग पार पुढच्या वळणापर्यंत गेली होती. लोकांनी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या. मागच्या बाजूला पोस्ट ओकच्या (तिकडच्या एका जातीच्या ओकच्या) लाकडाचे ढीग रचलेले होते आणि धुराड्यांतून जवळजवळ न दिसणारा निळसर धूर निघत होता. "पांढरा धूर म्हणजे कडू," अविनाश म्हणाला. "हा बघ, असा पाहिजे."

रांगेत आमच्या पुढे डेल नावाचे गृहस्थ होते. सत्तरीचे, शाळेची बस चालवून निवृत्त झालेले, एकटेच. एवढ्या लांबून कशाला आलात, असं त्यांनी सहज विचारलं आणि अविनाशने खरं ते सांगून टाकलं. आमच्या नेपरव्हिलच्या मित्रमंडळींनाही त्याने ते इतक्या सरळ सांगितलं नव्हतं.

डेलनी टोपी काढली, पुन्हा घातली. "माझ्या भावाला घशाचा होता."

"बरा झाला?"

"नाही. पण त्याचं त्याच्यापाशी. तुझं वेगळं असेल."

मला त्यांचा राग आला. अविनाशला मात्र नाही आला. डॉक्टरांपासून देवळातल्या काकूंपर्यंत सगळे गेले काही आठवडे त्याला धीर देत होते. खोटं न बोलणारा माणूस त्याला बऱ्याच दिवसांनी भेटला होता. पुढचे दोन तास ते दोघं भावाबद्दलच बोलत होते. नळीतून अन्न कसं घालायचे, आवाज गेल्यावर तो चिडून पाटीवर काय लिहायचा. मी जरा बाजूला जाऊन उभी राहिले. मला ते ऐकवत नव्हतं.

दुपारी आमचा नंबर जवळ आला तेव्हा आतून एक पोरगेला माणूस बाहेर आला आणि ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस) संपल्याचं सांगून गेला. शेवटचे काप डेलना मिळाले होते. आम्हाला सॉसेज मिळालं असतं, पण त्याचं जाड आवरण अविनाशला चावणं शक्यच नव्हतं. डेलनी बाकावर आमच्या समोर बसून आपला तपकिरी कागद उलगडला आणि टेबलाच्या मधोमध सरकवला. चरबीच्या बाजूचे चार जाड काप होते. वरून काळे, आतून ओले, उचलताना थरथरणारे. बाजूला लोणच्याची काकडी, कांदा आणि पांढऱ्या ब्रेडचे स्लाइस.

"तू आधी," ते म्हणाले.

मीठ, मिरी, लाकूड आणि वेळ, बाकी काही नाही. अविनाशने बोटांनी तुकडा तोडून तोंडात ठेवला. तो चावतच नव्हता. जिभेच्या चांगल्या बाजूवर तो तुकडा आपोआप विरघळत होता. त्याने डोळे मिटले. दुसरा घेतला, तिसरा घेतला. उन्हाळ्यापासून मी त्याला असं जेवताना पाहिलं नव्हतं. एक अख्खा काप संपवून त्याने दुसऱ्याला हात घातला, मग ब्रेडने तोंड टिपलं आणि तो ब्रेड कागदावर ठेवला.

ब्रेड लाल झाला होता. मला आधी सॉस वाटला. पण त्या दुकानात सॉस ठेवतच नव्हते.

रक्त बराच वेळ थांबेना. डेलनी पळत जाऊन बर्फ आणला. आजूबाजूचे लोक बघून न बघितल्यासारखं करत होते. अविनाश डोकं खाली घालून बर्फ चोखत होता आणि माझ्या मांडीवर टिश्यूंचा ढीग वाढत होता. फोनवर हॉस्पिटलच्या नर्सने सांगितलं, की दाबून धरा, थांबलं नाही तर जवळच्या इमर्जन्सीत जा. अखेर थांबलं. निघताना डेलनी अविनाशचा हात दोन्ही हातांत धरला. "जेवलास ना? मग झालं," असं म्हणाले आणि आपल्या जुन्या पिकअपकडे निघून गेले. त्यांच्या वाटचं मांस टेबलावर तसंच पडलं होतं.

"आता सरळ घरी," मी गाडीत म्हणाले.

"मेम्फिस वाटेतच आहे."

ते अगदी वाटेत नव्हतं. तरी मी गाडी आर्कान्सॉच्या दिशेला घेतली. पाऊस लागला. दोन्ही बाजूंना पाइनची काळी झाडं आणि मधून मधून बंद पडलेले पेट्रोल पंप. अविनाश आता बोलत नव्हता. एका मुक्कामानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पूल ओलांडून मेम्फिसमध्ये शिरलो.

मेम्फिस डुकराच्या मांसाचं गाव. इथे रिब्ज (बरगड्या) सॉसशिवायही देतात, वरून नुसता कोरडा मसाला चोळलेला. बाकी अमेरिकेपेक्षा हे आपल्या जवळचं, असं अविनाश नेहमी म्हणायचा. तळघरातल्या जुन्या दुकानात बरगड्यांचं ताट आमच्यासमोर आलं. लाल तिखट, लसूण, जिरं, मोहरी. त्याने मसाल्यात बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं आणि लगेच हात मागे घेतला. मग ताट माझ्याकडे ढकललं.

"तू खा."

"मी? अरे, मी..."

"खा ना. आणि मला सांग."

मी बरगडी उचलली. डोळे मिटून एक घास तोडला.

"चांगलं आहे," मी म्हणाले.

"चांगलं म्हणजे काय?" तो एकदम ओरडला. बाजूच्या टेबलावरचे लोक वळले. "चांगलं म्हणजे काय, मेधा? नीट सांग यार!"

मी दुसरा घास घेतला. या वेळी सावकाश. "आधी तिखट लागतं. मग गोड. मग... भाकरीची करपलेली कड असते ना, तसं काहीतरी. मांस हाडाला धरून आहे, पण दात लावला की सुटतं."

"धूर?"

"मागून येतो. गिळल्यावर."

त्याने मान हलवली. "अजून."

मी अर्धं ताट खाल्लं. प्रत्येक घासानंतर त्याला सांगत गेले आणि तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. शेवटी माझ्याकडचे शब्द संपले. तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "चवीचं जाऊ दे. मी बोललेलं तुला कळलं नाही तर?"

मी "कळेल" म्हणाले. लगेच म्हणाले. आधी विचार करायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी आम्ही नदीकाठी बाकावर बसलो. मिसिसिपी इथे गढूळ आणि अफाट रुंद आहे. कोळशाने भरलेल्या सपाट नौका संथपणे खाली जात होत्या. नागपूरला रात्रीची जेवणं झाली असतील, असा हिशोब करून अविनाशने आईंना फोन लावला. माझ्या सासूबाई पंच्याऐंशीच्या आहेत. त्यांना अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. तो पाऊण तास बोलला. नागपूरची थंडी, बहिणीच्या मुलाचं लग्न, संत्र्यांचा भाव, लहानपणीच्या कुठल्याशा सायकलची गोष्ट. स्पीकरवर आईंचा आवाज आला, "तुझा आवाज असा का येऊन राहिला रे? बोबडा?"

"तोंडात घास आहे, आई."

"मग आधी जेवून घे बापा. मी कुठे पळून चालले?"

फोन ठेवल्यावर तो नदीकडे बघत बसला. नेपरव्हिलला पोचेपर्यंत तो झोपून होता.

ऑपरेशन नऊ तास चाललं. गाठ पूर्ण निघाली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग नळी, रेडिएशन, वरून इन्फेक्शन. हिवाळा असाच गेला. अविनाश आता दाट सूप गिळू शकतो. बोलतो, पण त्याचं अर्धं मला कळतं आणि अर्धं कळल्यासारखं मी दाखवते. तेही त्याला कळतं.

आईंना मार्चमध्ये माझ्या दिरांनी सगळं सांगितलं. त्यानंतरच्या पहिल्या व्हिडिओ कॉलवर त्या अजिबात रडल्या नाहीत. "कुठे कुठे फिरून आला म्हणे, काय काय खाल्लं?" एवढंच विचारलं. अविनाश सांगू लागला. तोंडातून लाळ गळत होती, ती पुसत तो बराच वेळ सांगत होता, हातांनी कापांची जाडी दाखवत होता. त्या पदराचं टोक हातात धरून मान डोलावत होत्या. "हो रे बापा. हो का? अस्सं!"

तो थकून झोपायला गेला. पाच मिनिटांनी माझा फोन वाजला.

"मेधा," आई म्हणाल्या, "काय म्हणाला गं तो? मला एक शब्द कळला नाही. तू सांग."

मी स्वयंपाकघरात बसून त्यांना कॅन्सस सिटीचा गोड सॉस सांगितला, रांगेतले डेल सांगितले, मेम्फिसमध्ये मी काय खाल्लं तेही सांगितलं. ब्रिस्केट कशाचं असतं ते तेवढं सांगितलं नाही. एकदाच त्यांनी मला थांबवलं.

"दुखत होतं का त्याला, खाताना?"

"हो," मी म्हणाले. "खूप."



"बरं," त्या म्हणाल्या. "पुढे सांग."