मदतीला यायचं नाही

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला कंपनीच्या बास्केटबॉल संघात सगळे गोचीड म्हणायचे. एकदा चिकटला की सुटायचं नाव नाही. पण आता चाळिशी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते आणि कोचसाहेबांनी तोंडावर सांगून टाकलं होतं, "आजची फायनल हरलो तर पुढच्या वर्षी तुझ्या जागी दुसरा." खेळाशिवाय संध्याकाळी करायचं काय, हे त्याला ठाऊक नव्हतं.

समोर बँकेचा संघ आणि त्यांचा तो हिरो. त्याच्या हातात बॉल गेला की बास्केट झालीच म्हणून समजा. त्याला रोखायचं कसं, यावरून कपडे बदलायच्या खोलीत जुंपली.

"दोघांनी घेरू," लंबू म्हणाला. लंबू गोचीडचा कामावरचा जोडीदार. एक वर मशीनपाशी, दुसरा खाली लिफ्टच्या खड्ड्यात, अशी दोघांची हयात गेलेली. खालून धप्पकन आवाज आला की वरच्याने हातातलं टाकून धावत सुटायचं, हा त्यांचा नियम.

"घेरलं की तो मोकळ्या माणसाला पास देणार. त्याला तेच हवंय," गोचीड म्हणाला. "उजवी बाजू मी बंद करतो, डावीकडे पळवून दमवतो, त्याचा डावा हात कच्चा आहे. फक्त मदतीला कुणी यायचं नाही. मी आडवा पडलो तरी नाही!"

"आणि तुझा गुडघा?"

"माझा आहे ना? मी बघतो."

लंबूने नाइलाजाने मान डोलावली.

गोचीडने बोलल्याप्रमाणे करून दाखवलं. हिरो चिडला, धुसफुसला, घामाने निथळला. शेवटचं मिनिट आलं तेव्हा बँकवाले एका गुणाने मागे होते. हिरोने डावीकडे मुसंडी मारली, गोचीड वळला आणि गुडघ्याने दगा दिला. तो धप्पकन आपटला. तरी हिरो बास्केटपासून लांब होता, बॉल डाव्या हातात होता आणि गोचीड उठतच होता.

पण लंबू ज्याला अडवत होता त्याला सोडून धावला. हिरोकडे नाही, गोचीडकडे! हिरोने त्या मोकळ्या माणसाला पास दिला. बॉल जाळीतून खाली आला आणि सामना संपल्याची शिट्टी वाजली.

"येऊ नकोस म्हणालो होतो ना!" गोचीड जमिनीवरूनच ओरडला.

"ऐकलं होतं रे. पण आवाज आला ना तुझा."

लंबूचा चेहरा पांढराफटक पडला होता. कोचसाहेब पाठ फिरवून चालू लागले. गोचीडच्या तोंडात आलेली शिवी तिथेच राहिली. त्याने हात वर केला.

"मेल्या, आलाच आहेस तर उचल आता."