फाटकाजवळचं इंजिन

परवा व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे पोपटी रंगाचं लोखंडी काहीतरी फिरताना दिसलं. ते काय, असं तुम्ही दोघांनी विचारलंत आणि उत्तर ऐकायच्या आत तुमची शाळेची बस आली. म्हणून लिहून कळवते. क्रमाने लिहिते, तुम्हीही क्रमाने वाचा.

ते आपलं इंजिन आहे. उमेळ्यात आपली इमारत उभी आहे तिथे पूर्वी आपली वाडी होती. केळी, पानवेली आणि मधोमध बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं खोदलेलं तळं. त्याच्या काठी पत्र्याच्या खोपटात हे पाणी उपसायचं डिझेल इंजिन असायचं. तुमचे आजोबा ते पुसायचे आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे भाऊजी, ते चालवायचे. हँडल मारून चालू करावं लागे. एकदा इंजिनाने उलटा झटका दिला, हँडल मागे फिरलं आणि भाऊजींचं मनगट मोडलं. ते वाकडं जुळलं, अजूनही वाकडंच आहे. तेव्हापासून हँडलला हात लावण्याआधी ते इंजिनाला दोन शब्द सुनावत. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, आणि ते शब्द मला दोन्ही भाषांत येत नाहीत असं मी ठरवून टाकलं आहे.

पुढे वाडी गेली, बावखल बुजलं आणि त्याच जागी आम्हाला दोन फ्लॅट मिळाले. इंजिन बिल्डरने मागून घेतलं. त्याला फाटकाजवळ हेरिटेज हवं होतं. बावखल ठेवलं असतं तर तेही हेरिटेज झालं असतं, पण पाण्यावर गाड्या लावता येत नाहीत.

मग मुंबईहून एक शिल्पकार मुलगी आली. कष्टाळू आणि नम्र. उन्हात स्वतः वेल्डिंग करायची आणि मला आंटी म्हणायची. तिने इंजिन पोपटी रंगवलं, धुराड्याला तांब्याच्या पत्र्याची केळीची पानं लावली आणि मोठं चाक फिरवायला आत विजेची मोटर बसवली. पाणी आता टँकर आणतो. तो आत येताना शिल्पाला धक्का लागू नये म्हणून वॉचमन शिट्टी वाजवत उलटा उलटा चालतो.

शिल्पाबद्दल तिने इंग्रजीत एक पान लिहिलं होतं. पाटीसाठी त्याचं मराठी करून द्यायचं काम सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्यावर सोपवलं. त्या पानात यंत्रयुग होतं, गती होती, स्मृतींचा आवाज होता. पाणी कुठेच नव्हतं. मी तुमच्याकडे आले होते तेव्हा बघितलेलं म्युझियम मला आठवलं. तुम्हीच मला समजावलं होतंत की शंभर वर्षांपूर्वी चित्रकार यंत्रांच्या वेगावर भाळले, मग तीच यंत्रं युद्धात माणसं मारायला लागली तेव्हा घाबरले, आणि मग काहींनी कसलंच काम न करणारी यंत्रं बनवून सगळ्याचीच चेष्टा केली. तिथे बटण दाबलं की थरथरणारं एक पत्र्याचं यंत्र होतं. धाकटी म्हणाली होती, ‘आजी, ते काही करत नाही हाच मुद्दा आहे.’ त्या दिवशी ते दुरुस्तीसाठी बंद होतं, त्यामुळे मुद्दा मला नीट कळला.

उद्घाटनाला नारळ फुटला, बटण दाबलं गेलं, चाक फिरू लागलं. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत बसलेले भाऊजी एकदम उठले आणि वाकडा हात पोटाशी धरून मागे सरले.

“वहिनी, उलटं फिरतंय,” ते म्हणाले. “उलटं फिरलं तर पानी येत नाय. हात मोडतो.”

मी हे त्या मुलीच्या कानावर घातलं. तिचा चेहरा पडला. अभ्यास न केलेला चेहरा मी ओळखते. मग ती सावरली. “आंटी, ॲक्चुअली मला तेच तर म्हणायचंय. प्रगतीच उलटी फिरतेय.” संध्याकाळी त्या पानात एक वाक्य वाढून माझ्याकडे आलं. उलट फिरणारं चाक हे या शिल्पाचं हृदय आहे.

दुसऱ्या दिवसापासून भाऊजींनी पुढचं फाटक सोडलं. कचऱ्याची गाडी येते त्या मागच्या फाटकाने, ओल्या फरशीवरून, ते दूध आणायला जाऊ लागले. वय ब्याऐंशी. दोनदा घसरले, दुसऱ्यांदा त्याच मनगटावर. मी रागावले तेव्हा म्हणाले, “तेव्हासुद्धा त्याने मला सांगून मारलं नव्हतं.”

मी सोसायटीकडे रीतसर अर्ज केला. सेक्रेटरींनी कळवलं की कलाकृतीत बदल करायला कलाकाराची लेखी परवानगी लागते. बावखल बुजवायला कोणाची लागली होती हे मी विचारलं नाही. एका अर्जात एकच विषय असावा. मुलीला स्वच्छ इंग्रजीत ईमेल पाठवला. तिचं उत्तर आलं की माझ्या दिरांची भीती ही तिच्या शिल्पाला मिळालेली सगळ्यांत सुंदर दाद आहे.

ते वाचून मी भाऊजींना विचारलं की चाक सरळ करायला काय करावं लागेल.

“थ्री फेज मोटर आहे ना? दोन वायरी अदलाबदल करायच्या. बस.”

लिफ्टच्या दुरुस्तीसाठी एक दिवस वीज बंद होती. फुलपाड्याहून येणाऱ्या लिफ्टवाल्याला मी चहा पाजला आणि शिल्पाच्या मागचं छोटं झाकण दाखवलं. त्याने परवानगीचं विचारलं, तेव्हा मी वर्गात करायचे तो चेहरा केला. दहा मिनिटांचं काम. त्यानंतर सोसायटीत कोणाच्याही काही लक्षात आलं नाही. भाऊजी मात्र दोन दिवस लांबून बघून जात होते.

पुढच्या आठवड्यात ती मुलगी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना घेऊन आली. सरळ फिरणाऱ्या चाकासमोर उभं राहून तिने उलट्या चाकाबद्दल पंधरा मिनिटं सांगितलं. सगळ्यांनी लिहून घेतलं. एकीने वहीत चाक काढून दिशेचा बाणही काढला. बाण बरोबर होता.

तेवढ्यात भाऊजी दुधाची पिशवी घेऊन पुढच्या फाटकाने आत आले. चाकापाशी थांबले, वाकडा हात पुढे करून त्याचा वारा घेतला आणि निघून गेले. मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली, मग चाकाकडे.

“आंटी, हे कधीपासून?”

“लिफ्ट दुरुस्त झाली तेव्हापासून.”

आता परवानगीचा विषय निघणार असं मला वाटलं. पण विद्यार्थ्यांकडे पाठ करून तिने हळूच विचारलं, “मग पाटीवरचं ते हृदयाचं वाक्य काढावं लागेल?”

मी तिला मराठी पाटीपाशी नेलं. ते वाक्य मी तिथे घेतलंच नव्हतं. त्या जागी लिहिलं होतं की या इंजिनाने इथल्या बावखलाचं पाणी केळींना पाजलं, आणि ते चालवणारा माणूस याच इमारतीत राहतो. तिने ते दोनदा वाचलं आणि भाऊजींचा मजला विचारला.

इंग्रजी पाटी अजून तशीच आहे. तुम्ही आलात की वाचा, आणि मग चाकाकडे बघा. दूध रोज पुढच्याच फाटकाने येतं.