धाकटी मरत नाही

धाकटीने कादंबरी लिहिली हे घरात कळलं, तेव्हा थोरला भाऊ म्हणाला, "धारा काढता काढता?" हो, धारा काढता काढताच! गोठ्यात राबणाऱ्या बाईला टेबल-खुर्ची कोण देणार होतं? हात कासेला आणि डोकं गोष्टीत. मग पेंडीच्या पोत्यावर बसून कागदावर उतरवायचं.

गोष्ट तशी जुनीच. नाटकातल्या एका म्हाताऱ्या राजाने मुलींना विचारलं, माझ्यावर सगळ्यात जास्त माया कोणाची? ज्या गोड बोलल्या त्यांना राज्य मिळालं, खरं बोलणाऱ्या धाकट्या मुलीला हाकलून दिलं. हे नाटक शाळेत वाचलं तेव्हाच धाकटीला वाटलं होतं, हा राजा तर आमच्याच घरचा!

बाबांनी पुढे ते खरं करून दाखवलं. सगळ्यांना समोर बसवून विचारलं, "मी तुमचा कोण?" थोरला म्हणाला, "तुम्ही आमचे देव." मधल्याने तर डोळ्यांतून पाणीच काढलं. त्याला ते लहानपणापासून जमतं. धाकटी मात्र उठली. "बाबा, गायी खोळंबल्यात. धारा काढून आले की सांगते." ती परत येईपर्यंत वाटणी झालीसुद्धा. शेत दोघा भावांत गेलं, गोठा थोरल्याकडे गेला आणि धाकटीच्या वाट्याला बाबांच्या शिव्या आणि शेण आलं.

वर्ष सरायच्या आत देवाची रवानगी गोठ्यामागच्या वैरणीच्या खोलीत झाली. थोरल्याकडे जागा नव्हती, मधल्याला वेळ नव्हता. बाबांना दोन वेळचं ताट धाकटीच वाढायची, आणि त्या वाटणीबद्दल ती आणि बाबा दोघंही अवाक्षर काढत नसत.

कादंबरी छापायला जाणार म्हटल्यावर थोरला ऐन धारांच्या वेळी गोठ्यात येऊन उभा राहिला.

"तो वाटणीचा प्रसंग काढून टाक. घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडतेस? नाहीतर उद्यापासून या गोठ्यात पाय ठेवायचा नाही."

यातली प्रत्येक गाय धाकटीच्या हाताखाली वाढलेली. गोठा गेला तर ती जाणार कुठे? पण जीभ काही ऐकेना.

"प्रसंग राहणार, दादा. आणि उद्यापासून कशाला? आत्ताच घे की!" तिने बादली त्याच्या हातात कोंबली. "तांबडीची कास भरलीये. काढ धार."

थोरला इरेला पेटला आणि जन्मभर शेतकरी म्हणवणारा तो गडी गायीच्या डावीकडे जाऊन बसला. तांबडीने पान्हा चोरला. त्याने जोर केला तशी तिने अशी लाथ झाडली की बादली एकीकडे आणि मालक एकीकडे. धाकटी खळखळून हसली, हसू दाबायच्या भानगडीत पडलीच नाही.

"अरे, तिला उजवीकडून सवय आहे." दारातून बाबांचा आवाज आला. ते सगळं ऐकत उभे होते. "पोरी, वाच. काय लिहिलंस माझ्याबद्दल?"

धाकटीने तो प्रसंग वाचला. एक शब्द गाळला नाही.

"मी असं बोललो होतो?" बाबांनी विचारलं.

"याहून वाईट बोलला होतात. मी कमी केलंय."

"मग कमी कशाला केलंस?" म्हातारा कडाडला. "सगळं लिही. माझी लाज मी बघून घेईन."

थोरल्याचा चेहरा पडला. शेण पुसत तो उठला, पण हार मानेना. "लिहा, लिहा! नाटक मीपण वाचलंय. शेवटी राजाही मरतो आणि ती शहाणी धाकटीही मरते."

बाबांनी घाबरून लेकीकडे पाहिलं. "खरं का गं?"

"त्या नाटकात मरते. छापणारेही तेच म्हणतायत, तिला मारा, लोक रडतील." धाकटीने बादली उचलून विसळली आणि ती तांबडीच्या उजवीकडे बसली. "पण माझ्या कादंबरीत नाही मरत, बाबा."

"का नाही मरत?" थोरल्याने विचारलं.

"मग सकाळी धारा कोण काढणार? तू?"