दोन पाणी पुरे

कडकरावांचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं, ते तिथंच राहिलं. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. त्यांच्या हाताखालून निघालेली चादर अशी कडक असायची की नर्सबाई म्हणायच्या, "हिला भिंतीला टेकवून ठेवली तरी उभी राहील!" तेव्हापासून हे कडकराव. त्यांनाही ते नाव आवडायचं. धुण्याच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी दोरीवरच्या कपड्यांकडे बघायचे आणि चहाचा घोट घेण्याआधी घरच्या बाईला सोड्याचं प्रमाण सांगून मोकळे व्हायचे. माणूस वाईट नव्हता हो, पण आपली टिमकी वाजवायला त्याला दुसरा कुणी लागायचा नाही.

निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत बायको गेली. मग काय, दोन सदरे आणि एक टॉवेल, एवढंच धुणं! त्याला असं कितीसं घासणार? सकाळी आठलाच दिवस संपल्यासारखा व्हायचा. अशी तीन वर्षं गेली आणि लेकीला मुलगी झाली.

बाळाला आधी विकतचे डायपर लावले होते, पण मांड्यांवर इलॅस्टिकचे लाल वळ उठले. लेक म्हणाली, जाऊ दे, कापडीच बरे. आता कापडी म्हणजे दिवसाला पंधरा-सोळा लंगोट, वर दुपटी, आणि जावईबापू आठवड्यातले पाच दिवस बाहेरगावी. कडकरावांनी पिशवी भरली, लेकीचे तीन जिने चढले आणि दारातच जाहीर केलं, "धुण्याचं माझ्यावर सोड. तू फक्त लेकराकडे बघ." लेकीला हायसं वाटलं. आणि यांना? यांना तर नोकरी परत लागल्यासारखं झालं.

लगेच कामाला लागले. मऊ झालेल्या सुती चादरी फाडून दोन डझन लंगोट केले. रोज सकाळी घाण झटकून ते बादलीत भिजवायचे, मग मोठ्या पातेल्यात साबण आणि सोडा घालून उकळायचे, थोडं ब्लीच टाकायचे, आणि मग दोन पाण्यांतून काढून पिळायचे. दोनच. हा त्यांचा जुना नियम. "इस्पितळातलं यंत्रसुद्धा दोनदाच खळबळतं. दोन पाणी पुरे! उगाच पाण्याची नासाडी कशाला?" बाल्कनीत लंगोटांची रांग लागली की ऊन त्यांच्यावरून डोळ्यांत जायचं. समोरच्या गॅलरीतली बाई विचारायची, "काका, नवीन आणलेत का?" कडकराव मिशीतल्या मिशीत हसायचे.

आठव्या दिवशी बाळाचं ढुंगण लालभडक झालं. नुसतं लाल नव्हे, कातडी सोलल्यासारखी झाली होती. लंगोट लावला की पोर किंचाळून घर डोक्यावर घ्यायचं. आणि आमचे कडकराव काय म्हणाले असतील? "तुझ्याच खाण्यात काहीतरी तिखट आलं असेल."  लेक बाळाला उचलून म्हणाली, "चला डॉक्टरांकडे."

डॉक्टरीणबाई शांत होत्या. बाळाला तपासलं, लेकीला दोन प्रश्न विचारले, आणि मग पिशवीतला एक कोरडा, पांढराशुभ्र लंगोट मागून घेतला. वाडग्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात बुडवला आणि बोटांनी चोळला. पाण्यावर फेस आला. चांगला बोटभर फेस!

"साबण, सोडा, सगळं आतच आहे," त्या म्हणाल्या. "ओलं झालं की तेच अंगाला लागतं. कोण धुतं हे?"

कडकरावांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी लेक म्हणाली, "मीच धुते."

"लेकराचं अंग आहे बाई, फरशी नव्हे. आई झालात, आता चार लंगोट नीट धुवायला शिका."

तेव्हा बोलायला हवं होतं. "ती नव्हे, मी," एवढंच म्हणायचं होतं.  पण एकतीस वर्षं धुलाईखान्यात काढलेले कडकराव भिंतीवरचा वजनाचा तक्ता वाचत बसले आणि लेकीनं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं.

परत येताना कडकराव दोन पावलं मागेच चालत होते. 'चार लंगोट' हे शब्द त्यांचेच होते. लेक दोन महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. पोरीच्या अंगावर अशीच आग उठली होती, आणि चाळीच्या नळावर, सात-आठ बायकांच्या देखत, ते बायकोवर ओरडले होते, "मी अख्ख्या इस्पितळाचं धुतो, आणि माझ्या बायकोला चार लंगोट धुता येत नाहीत!" बायका हसल्या होत्या. ती म्हणत होती, "अहो, साबण राहतोय, अजून दोन पाणी लागतील." यांनी तिला हाताच्या इशाऱ्यानंच गप्प केलं होतं. धुण्यातलं ती त्यांना शिकवणार होती का!

आणि आता उन्हात चालता चालता त्यांना साधा हिशेब सुचला. इस्पितळातलं यंत्र एकदा खळबळायला हौदभर पाणी ओढायचं आणि मग कपडे गरागरा फिरवून थेंब न् थेंब बाहेर फेकायचं. त्याचं एक पाणी म्हणजे बादलीची पाच-सहा पाणी. शेंबड्या पोरालाही कळावं असं होतं हे. एकतीस वर्षं त्या यंत्राशेजारी उभे राहून त्यांना कळलं नव्हतं, आणि सकाळी नळावर भरलेल्या दोन बादल्यांत धुणाऱ्या बायकोला कळलं होतं.

घरी आल्यावर लेकीनं बाळाला खिडकीजवळच्या उन्हात उघडंच निजवलं. कडकराव दारापाशी उभे राहिले.

"तू कशाला अंगावर घेतलंस?"

"सवय आहे आपल्या घराला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. मग जरा थांबून म्हणाली, "बाबा, मी लहान असताना आई रोज दुपारी चाळीमागच्या शिंपीणबाईंकडे जायची म्हणे."

"हो. तिला गप्पांचा नाद होता."

"गप्पा नव्हत्या त्या. बादलीत खाली माझे लंगोट असायचे आणि वर शिवायला द्यायचं म्हणून एखादं फाटकं पोलकं. शिंपीणबाईंच्या नळावर ती ते आणखी चार पाण्यांतून काढायची. शेवटचं पिळलेलं पाणी ओठाला लावून बघायची. बुळबुळीत लागलं की आणखी एक. तुमची ड्यूटी सुटायच्या आत घरी येऊन वाळत घालायची."

कडकरावांना आठवलं. तेव्हा पोरीचं अंग चार दिवसांत बरं झालं होतं, आणि त्यांनी सगळ्या चाळीला सांगितलं होतं, "बघा, एकदा आवाज चढवला तर कसे स्वच्छ निघायला लागले!" बायको तिथंच उभी होती. हसलीही होती बहुतेक. चोरून पाप करतात. या बाईनं चोरून लंगोट धुतले.

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. माझं लग्न ठरलं तेव्हा. आणि शपथ घालून म्हणाली, त्यांना कळू देऊ नकोस. त्यांना आपल्या कामाचा फार अभिमान आहे."

बाळ झोपेत कुरकुरलं. लेकीनं त्याच्या पोटावर हात ठेवला. कडकरावांचे डोळे भरून आले होते आणि पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. असं रडू त्यांना बायको गेली तेव्हाही आलं नव्हतं.

"ती असताना सांगितलं असतंस मला," ते म्हणाले. "शपथ मोडली असतीस तरी चाललं असतं. एकदा तरी म्हणालो असतो तिला..."

"काय म्हणाला असता, बाबा?"

 उत्तर शोधायला त्यांना फार वेळ लागला नाही, कारण ते स्वतःला ओळखून होते.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "तुम्हा दोघींनाही वेड्यात काढलं असतं."

सकाळी डॉक्टरीणबाईंपुढे त्यांना पाठीशी घालणारी लेक आता काहीतरी बोलेल, निदान "असं नका म्हणू" एवढं तरी म्हणेल, म्हणून ते तिच्या तोंडाकडे बघत होते. ती बाळाला थोपटत राहिली. ती 'नाही' म्हणाली नाही.