पाटणकर सरांनी घेतलेला शेवटचा तास

पाटणकर सर शेवटचे भेटले ते एका सोमवारी, माझ्याच ओपीडीत. केसपेपर हातात धरून, सगळ्यांसारखे रांगेत उभे राहून आले. डोळे पिवळेजर्द. रिपोर्ट त्यांनी आधीच वाचले होते. यकृतभर गाठी पसरल्या होत्या. तपासायच्या टेबलावर आडवे होत म्हणाले, "विद्यार्थ्यांना बोलाव. असं लिव्हर रोज हाताला लागत नाही." मी म्हटलं, "सर, आज नको." मला बघवलं नसतं, एवढंच. "बरं," म्हणत त्यांनी शर्टाची बटणं लावली... बाराव्या दिवशी सर गेल्याचा फोन आला. मी "हो, हो" करत ऐकलं आणि उरलेले पेशंट संपवले.

एमबीबीएसनंतरची सक्तीची, बॉण्डची सरकारी नोकरी करायला मी रत्नागिरीत आले तेव्हा इथे मेडिकल कॉलेज नव्हतं, पण सरांना शिकवायला कॉलेज लागायचंच नाही. त्यांच्या ओपीडीत गप्प उभं राहून बघायची सोय नव्हती. पेशंटशी आधी आपण बोलायचं, निदान आपण सांगायचं, मग सर तोंड उघडणार, तेही बहुतेक प्रश्न विचारायलाच. बाहेरची रांग पार गावाबाहेर, मिरजोळ्यापर्यंत गेली असती तरी त्यांनी घाई केली नसती. एकदा मी मच्छीमार बोटीवरच्या एका खलाशाला इन्सुलिन दिलं, 'थंड ठेवा' म्हणून बजावलं. महिन्याने बघते तर साखर तेवढीच. इंजेक्शनं चुकवता आणि वर खोटं बोलता, असं मी त्यांना सगळ्यांदेखत सुनावलं. सर म्हणाले, "ठेवतात कुठे, ते विचारलंस?" खलाशी बिचकत म्हणाले, "तुमीच सांगितलंत ना बाय, थंड ठेवा म्हणून! माशांच्या बर्फातच पुरून ठेवतो मी." गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, हे सांगायचं मला सुचलंच नव्हतं. मी सरांकडे बघून सॉरी म्हटलं. "मला कशाला? चूक कोणाची ते त्यांना सांग." सांगितलं. त्या दिवशी मला सरांचा भयंकर राग आला होता.

सरांना जाऊन आता पाच आठवडे होतील. रडू आलेलं नाही. जेवते, झोपते, राउंड घेते... काही वाटतच नाही. फक्त एक गोष्ट आत रुतून बसली होती. जन्मभर शिकवत आलेल्या माणसाला शेवटचं शिकवायचं होतं आणि मी माझ्या सोयीसाठी ते करू दिलं नाही.

परवा ओपीडी संपल्यावर सायली ही माझी विद्यार्थिनी रेंगाळली. "मॅडम, रागावू नका. त्या सोमवारी सर तुमच्याकडून निघाले ते आम्हाला ड्रेसिंगच्या खोलीत घेऊन गेले. स्वतःच आडवे झाले, एकेकाला पोट तपासायला लावलं. मॅडमना आत्ता सांगू नका म्हणाले, तिला जड जाईल."

मी खुर्चीत बसले. तोंडातून निघालं, "लिव्हर बरगडीखाली किती बोटं लागलं?"

"चार, मॅडम."

"कडा?"

"टणक... खडबडीत."

"दुखतंय का, ते विचारलंस?"

"विचारलं ना. 'दुखतंय,' म्हणाले, 'पण हात काढू नकोस. नीट बघ.'"